लेझीम आणि पांढरे बूट

वसतिगृहात प्रवेश घेणाऱ्या मुलीने सोबत काय आणावे, याची एक यादी तेव्हा पालकांच्या हाती दिली जात असे. पत्र्याची पेटी, कुलूप, सतरंजी, पांघरूण, ताट, वाटी, तांब्या, गणवेशाचे दोन जोड, खोबरेल तेलाची बाटली. यादी मोठी तपशीलवार होती. दात घासण्यास राखुंडी चालेल, असेही तीत नमूद होते. पादत्राणांचा उल्लेख मात्र तीत कोठेच नव्हता. यात कुणाचा विसराळूपणा नसावा. १९७८ साली पाचवीत दाखल झालेल्या आम्हा मुलींपैकी बहुतेकींच्या पायांत काही नव्हते, आणि असावे अशी अपेक्षाही कुणी कुणाकडून करीत नव्हते.

हा लेख लिहिणारा हात एकीचा असला तरी आठवणी सोळाजणींच्या आहेत. शाळेच्या मुलींच्या पहिल्या लेझीम पथकात आम्ही सोळाजणी होतो. दोघी आज हयात नाहीत. उरलेल्यांनी आपापल्या परीने आठवून सांगितले, काही ठिकाणी एकमेकींचे म्हणणे खोडूनही काढले, आणि जे सर्वांना मान्य झाले तेवढेच येथे उतरवले आहे. म्हणून ‘आम्ही’.

आमच्यापैकी काहीजणी जूनमध्येच आल्या होत्या, काहीजणी दिवाळीनंतर. त्या वर्षी मराठवाड्यात नामांतराच्या प्रश्नावरून जे घडले ते वाचकांना सांगावे लागू नये. ज्यांची घरे गेली त्यांच्या मुली उशिरा आल्या, आणि त्यांच्या पेट्या हलक्या होत्या. पहिल्या काही रात्री त्या कुणाशी बोलत नसत. पण अधीक्षिका बाईंनी दिवा मालवून पाठ फिरवली की ओसरीच्या टोकाला फुगड्या सुरू होत, आणि त्या न बोलणाऱ्या मुलीही उठून येत. झिम्मा, पिंगा, पंचमीचा फेर हे सारे पायांत मुरलेले होते. आमच्या घरांतून सण केव्हाच सुटले होते. फेर सुटला नव्हता. थाळीवर उलथन्याचा ताल धरायला एक मुलगी, आणि बाई येतात का ते पाहायला दुसरी. बाईंना हे सर्व ऐकू जात होते, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी त्यांच्याच तोंडून कळले.

नाचाची अशी ओढ असलेल्या मुलींच्या घरी नाचाविषयी काय बोलले जाई, तेही येथे सांगितले पाहिजे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील अनेकांनी तमाशाच्या फडांत आयुष्य काढले होते. कुणी ढोलकी वाजवी, कुणी तुणतुण्यावर उभा राही, कुणी लुगडे नेसून नाच्या होई. गावच्या जत्रेत नाचणे म्हणजे कलेचे कौतुक, असे आज परिसंवादांतून ऐकू येते. त्यात तथ्य आहे. पण नाचणाऱ्याला ‘आज नको’ म्हणण्याची सोय नव्हती, हेही तितकेच खरे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही हकीकत आमच्या घरांतून वारंवार सांगितली जाई, आणि ती सांगताना आवाज हळू होई. आमच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको, असा तिचा अर्थ आम्हांला लहानपणीच उमगला होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरहून परतलेल्या माणसांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. त्यांबरोबर काहींनी चाळही सोडले.

भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलशांतून तमाशाचाच साज घेऊन नवा विचार गावोगाव पोहोचवला होता, हे खरे. गाणे अशा रीतीने परत आले. पायांना मात्र परवानगी मिळाली नाही. जयंतीच्या मिरवणुकीत हलगीपुढे पुरुष नाचत, आणि आया-मावश्या पांढरी लुगडी नेसून कडेने चालत.

आम्ही नववीत होतो त्या वर्षी, १९८२ च्या नोव्हेंबरात, दिल्लीला आशियाई खेळ भरले. उद्घाटन सोहळ्यात महाराष्ट्राच्या लेझमीचे प्रात्यक्षिक झाले. ते आम्ही पाहिले नाही. वसतिगृहात दूरदर्शन संच नव्हता. आमचे व्यायामाचे सर शहरात कुणाकडे तरी ते पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी त्याचे वर्णन केले. सर बोलके नव्हते; त्या दिवशी मात्र ते हातवारे करीत बोलले. येत्या २६ जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर आपल्या शाळेची लेझीम होईल, आणि ती मुलींची होईल, असे सांगून ते खाली बसले.

लेझीम हा मुळात तालमीतला खेळ. शब्द फारसी, आणि अर्थ कसरतीचे धनुष्य. लाकडी दांड्याच्या दोन टोकांना लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या, आणि मध्ये धरायला मूठ. अर्धा तास ही लेझीम खेळली की खांदे भरून येतात. शाळेत मुलांसाठी घेतलेल्या लेझमी होत्या, त्याच आम्हांला मिळाल्या. सरांचे हुकूम परंपरेने चालत आलेले, अर्धे हिंदी: चार आवाज, एक जगह, आदी लगाव, पवित्रा, दो रुख. ‘आगे फलांग’ आला की पुढे उडी घ्यायची आणि उडीतच लेझीम उघडायची. पहिल्या आठवड्यात साखळीत बोटे सापडून आमच्या नखांचे जे झाले ते बाईंनी हळद लावून झाकले. दुसऱ्या आठवड्यात सोळा लेझमींचा आवाज एक झाला. ज्याने तो ऐकला आहे त्याला अधिक सांगायला नको. ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही.

व्यवस्थापन समितीत यावर मतभेद झाले. मुलींनी चारचौघांत नाचावे, तेही आपल्या मुलींनी, आपल्या संस्थेच्या नावाने, हे काही ज्येष्ठांना रुचले नाही. त्यांना दोष देण्याचे आमच्या मनात तेव्हाही नव्हते. त्यांनी जे पाहिले होते ते आम्ही पाहिले नव्हते. एका सदस्यांनी धम्माचा आधार घेतला: अष्टशीलात नृत्य, गायन, वादन आणि खेळतमाशे यांपासून अलिप्त राहण्याचे शील आहे, मग बौद्ध संस्थेत लेझीम कशी?

दर पौर्णिमेला वंदनेसाठी येणाऱ्या भन्तेजींपुढे हा प्रश्न गेला. डिसेंबरअखेरची पौर्णिमा होती. भन्तेजींचे उत्तर अगदी थोडक्यात होते. गृहस्थाची शीले पाच. त्यांत नृत्याचा उल्लेख नाही. आठ शीले जो उपोसथाच्या दिवशी स्वेच्छेने घेतो, त्याने ती त्या दिवशी पाळावीत. तेव्हा पौर्णिमेला सराव करू नये, इतर दिवशी करावा. सरांनी तिथल्या तिथे वेळापत्रकात दुरुस्ती केली.

मग बुटांचा विषय निघाला. शहरातील एका निवृत्त शिक्षकांनी पथकासाठी सोळा जोड पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा खर्च देऊ केला होता. संचलनात इतर शाळांची मुले बूट घालून येतात, आपल्या मुली अनवाणी दिसू नयेत, हा त्यांचा हेतू. वसतिगृहात आम्ही बेचाळीस मुली होतो. सोळा जणींना बूट आणि सव्वीस जणींना नाहीत, यात कुणाला काही वावगे वाटले असेल तर ते बोलून कुणी दाखवले नाही.

भन्तेजींनीही काही म्हटले नाही. त्यांनी त्या रात्री देशनेत सोण कोळिवीसाची कथा सांगितली. विनयपिटकाच्या महावग्गात ती आहे. चंपानगरीच्या धनिकाचा हा मुलगा. त्याचे तळवे इतके नाजूक की त्यांवर लव उगवलेली. तो भिक्खू झाला आणि चंक्रमण करताना त्याचे पाय फुटून वाट रक्ताने माखली. आता जमणार नाही, घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले, की तू वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? हा भाग पाठ्यपुस्तकातही असतो. पण कथा तेथे संपत नाही. पुढे भगवंतांनी सोणाला एकपदरी वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, की मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि वहाणांत अडकलो, असे लोक म्हणतील. भगवंत संघाला अनुज्ञा देणार असतील तर मीही वापरीन, नाहीतर नको. आणि मग भगवंतांनी ती अनुज्ञा साऱ्या संघाला दिली.

कथा संपवून भन्तेजी विश्रांतीला गेले. सकाळी ते निघाले तेव्हाही बुटांविषयी चकार शब्द नव्हता. पण त्याच आठवड्यात समितीने ठरवले, की बूट येतील तर बेचाळीस जोड येतील. उरलेल्या सव्वीस जोडांचे काही पैसे सदस्यांनी वाटून घेतले. राहिले त्यासाठी आम्ही बेचाळीस जणींनी महिनाभर रविवारचा गोड शिरा सोडला. शिरा सोडण्याची कल्पना पथकाबाहेरच्या मुलींची होती, हे येथे नोंदवणे अगत्याचे वाटते.

माप घेण्याचा दिवस आम्हांला बुटांच्या दिवसाइतकाच आठवतो. बाईंनी ओसरीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरली. एकेकीने त्यावर उभे राहायचे आणि बाईंनी वाकून पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढायची. भेगाळलेले, काट्यांचे वण असलेले, कुठे नख नसलेले पाय. आमच्या पायांना हात लावायला कुणी वाकले आहे, असे त्यापूर्वी घडले नव्हते. काहीजणी संकोचाने पाऊल मागे घेत आणि रेघ वाकडी होई. मग बाई नवा कागद घेत. बेचाळीस कागदांची ती गुंडाळी घेऊन त्या एसटीने औरंगाबादला, गुलमंडीच्या बाजारात गेल्या.

आमच्या आज्या सांगत, की गावात वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, नाहीतर डोक्यावर. म्हणून पुष्कळांनी घेतल्याच नाहीत. त्या गावांतून आलेल्या मुली आता नाचण्यासाठी बूट घालणार होत्या. ते विकत घेण्याला निमित्त शेत नव्हते, रस्ता नव्हता, काटेकुटे नव्हते. निव्वळ नाच होता. याचे आम्हांला तेव्हा काही वाटले असे म्हणणे खोटे ठरेल. आम्हांला फक्त बूट हवे होते.

बूट २२ जानेवारीच्या संध्याकाळी आले. नव्या रबराचा आणि खळीचा वास ओसरीभर पसरला. दोन वर्षे टिकावेत म्हणून सगळे एक नंबर मोठे घेतलेले; पुढे कापूस कोंबायचा. नाडी कशी बांधतात ते बेचाळीस जणींपैकी तिघींना ठाऊक होते. त्यांनी रांगेने सर्वांना शिकवले. त्या रात्री कित्येकींनी बूट उशाशी घेतले, आणि एकजण ते पायांत घालूनच झोपली. तिचे नाव सांगणार नाही. आज ती मुख्याध्यापिका आहे.

सकाळी मैदानावर मात्र सारा ताल बिघडला. अनवाणी पाय बोटांनी जमीन धरतो. वळताना कुठे थांबायचे ते त्याला कळते. बुटात जमीन कळत नाही. रबर मातीवर अडकते आणि शरीर पुढे जाते. शिवाय टाचा सोलवटल्या. सरांनी बूट काढून सराव करावा असे सुचवले, तर एकही मुलगी तयार होईना.

त्याच दिवशी, रविवारी, आमच्यापैकी एकीचे आजोबा आले. ते तिला घरी न्यायला आले होते. तरुणपणी ते एका फडात नाच्या होते. १९५६ नंतर त्यांनी चाळ विहिरीत टाकले आणि पुन्हा कधी जत्रेच्या वाटेलाही गेले नाहीत. नातीने नाचात भाग घेतला, हे गावात कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते.

बाईंनी त्यांना घोंगडी टाकून बसवले, पाणी दिले. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. “शिकायला धाडली व्हती, बाई. नाचायला न्हाई,” एवढेच म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. नातीला बोलावून बूट दाखवायला सांगितले. म्हाताऱ्याने एक बूट हातात घेतला, उलटा केला, तळ अंगठ्याने दाबून पाहिला, नाडीची भोके मोजल्यासारखी चाचपली. मग बराच वेळाने म्हणाले, “ह्याच्यावर चाळ बांधता येत न्हाईत.”

या वाक्याचा अर्थ आम्ही आजवर अनेक प्रकारे लावला आहे. त्यांना काय म्हणायचे होते ते त्यांनी सांगितले नाही, आणि नातीनेही कधी विचारले नाही. ते उठून मैदानाच्या कडेला, लिंबाखाली जाऊन बसले.

आम्ही दो रुख करीत होतो. ते पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी सरांना हाताने खूण केली. “तिसऱ्या वळीचा डावा पाय उशिरा पडतोय,” ते म्हणाले. सरांनी पाहिले, खरेच पडत होता. “बूट हाय म्हणून पोरी टाच आधी टाकतात. चवडा आधी पडला पाहिजे. टाच मागनं.” सरांनी विचारले, की दाखवाल का? सव्वीस वर्षे न नाचलेला तो माणूस उठला, धोतराचा सोगा खोचला आणि चवड्यावर चार पावले टाकून पुन्हा खाली बसला. चारच पावले. लिंबाखालची धूळसुद्धा उडाली नाही. आम्ही सोळाजणी लेझमी हातात घेऊन पाहत राहिलो.

संध्याकाळच्या एसटीने ते एकटेच परत गेले.

२६ जानेवारीचा कार्यक्रम चांगला झाला. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळाले. आगे फलांगच्या वेळी एकीचा बूट निघून प्रेक्षकांच्या पुढच्या रांगेत जाऊन पडला. लोक हसले. तिने उरलेला सगळा खेळ एका बुटावर केला आणि सलामी देऊन झाल्यावर शांतपणे जाऊन तो उचलून आणला. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये आम्ही सर्वांनी बूट काढून मांडीवर घेतले होते, धूळ लागू नये म्हणून. दर शनिवारी ओल्या खडूने ते पांढरे करण्यापायी नववी-दहावीचे कितीतरी खडू संपले, आणि गणिताचे सर फळ्यापाशी येऊन रिकामा डबा पाहत उभे राहत.

त्याच उन्हाळ्याच्या आधी शाळेची सहल औरंगाबादच्या लेण्यांना गेली. विद्यापीठामागच्या डोंगरातल्या या लेण्यांकडे वेरूळ-अजिंठ्याच्या मानाने कुणी फिरकत नाही. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीच्या सान्निध्यात एक नर्तिका कोरलेली आहे. दोन्ही बाजूंना वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रिया, आणि मध्ये ती, कमरेत वळलेली. दिवसाही तेथे अंधार असतो. बाईंनी विजेरी धरली. समितीतील ते अष्टशीलाचा आधार घेणारे सदस्य आमच्याबरोबर होते. त्यांनी बराच वेळ पाहिले. आमच्यातली एक धिटाईने म्हणाली, “दादा, हिचाही चवडाच आधी पडतोय.” ते हसले की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

पुढे सोळाजणी सोळा वाटांनी गेल्या. कुणी परिचारिका, कुणी शिक्षिका, कुणी अंगणवाडीत, कुणी संसारात. नाच कुणाचाच सुटला नाही. जयंतीच्या मिरवणुकीत कडेने चालण्याचे आम्ही केव्हाच थांबवले आहे. एकीने चाळिशीत कथ्थकचा वर्ग लावला आणि घुंगरू बांधायला बसली तेव्हा तिला रडू आवरेना. तिच्या गुरूंना कारण कळले नाही. ती त्या आजोबांची नात.

आणि एकजण परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन लेकीकडे इंग्लंडला गेली. तेथे आठवड्यातून एकदा वयस्क मंडळी एका सभागृहात जमून जोडीने नाचतात. तिने तेथे नाचायचे बूट घेतले, आणि त्यांचे छायाचित्र आम्हांला पाठवले. चामडी, मऊ, तळाला रबराऐवजी खरबरीत लव असलेले कातडे. या तळामुळे पाय लाकडी जमिनीवर हवा तेवढा सरकतो आणि हवा तेथे थांबतो. तळाची लव दबली की तारेच्या ब्रशने ती पुन्हा उभी करायची. आणि हे बूट घालून रस्त्यावर जायचे नाही. पिशवीतून न्यायचे, आत गेल्यावर घालायचे, निघताना काढायचे. हे वाचून आमच्यापैकी दुसरीने तिला लिहिले, की तुझ्या आजीने वहाणा हातात घेतल्या आणि तूही हातातच घेतेस, मग फरक काय पडला? तिचे उत्तर आले, की आजीला विचार.

यंदाच्या मेळाव्यात जुन्या पथकाने लेझीम खेळावी, अशी शाळेची इच्छा आहे. नऊजणींचे गुडघे तयार आहेत, तिघींनी उडी वगळून येण्याचे कबूल केले आहे. इंग्लंडहून तीही येणार आहे. मैदानावर आता फरशी घातली की अजून मातीच आहे, असे तिने विचारले होते. कार्यालयाकडून कळले, की माती आहे. तसे असेल तर ते बूट तिकडेच ठेवून येते, असे तिने कळवले आहे.